गुरुवारची वाटणी

माझा नातजावई कुठल्याशा कंपनीत विक्रीवर आहे. खातं कसं चालवावं, माणसं कशी सांभाळावीत याची भाषणं ऐकायला तो पैसे भरून लास व्हेगासला जातो आणि परत येतो तो गळ्यात नावाची पट्टी अडकवून. मी त्याला एकदा म्हटलं, की मी ज्यांच्या हाताखाली विक्री शिकले त्या माणसानं जन्मात एक भाषण केलं नाही. त्यानं मान हलवली आणि बटाट्याचं सॅलड वाढून घेतलं. म्हाताऱ्या बाईचं ऐकून घ्यायचं असतं हे पोरानं कुठंतरी शिकलेलं दिसतंय. त्याचं जाऊ दे. मला ओल्शनसाहेबांची आठवण आली की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची गिरणी साउथ कॅरोलिनात, लॉरेल फोर्क नावाच्या गावात, पण तिचं विक्री खातं न्यूयॉर्कला चाळिसाव्या रस्त्यावर होतं. गिरणीची माणसं आम्हाला 'वरचे' म्हणायची आणि आम्ही त्यांना 'खालचे'. सकाळी रस्त्यावर कपडे टांगलेल्या हातगाड्यांची नुसती झुंबड असायची आणि गाडीवाले एकमेकांचा उद्धार करत असायचे. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं की नव्या डेनिमचा वास यायचा, खळ आणि निळीचा. मी नमुन्यांच्या खोलीत होते. दिवसभर नागमोडी कात्रीनं कापडाचे चौकोन कापायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचे. बोटं कायम निळी. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी तशाच बोटांनी फुलं धरून उभी राहिले, आणि आई मरेपर्यंत ते फोटो पाहून उसासे टाकत असे.

मेयर ओल्शन आमचे खातेप्रमुख. बुटके, टक्कल पडलेले. बोलताना समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघायची त्यांना खोड होती. नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं. जुन्यांना तसं केलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. एक दिवस ते नमुन्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "फिलोमिना, कात्री चालवताना तू गिऱ्हाइकांना जी नावं ठेवतेस ना, ती मला पलीकडे ऐकू येतात. बहुतेक बरोबर असतात. उद्यापासून बाहेर बस." अशी मी विक्रीत आले. खात्यातली पहिली बाई. फोनवर 'फिल दे सांतिस' असं नाव सांगितलं की लोकांना वाटायचं कुणी बाप्या आहे. प्रत्यक्ष भेटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

तेव्हा आमच्या खात्यात कुणाचं कुणाशी धड नव्हतं. प्रत्येकजण आपापली गिऱ्हाइकं पोटाशी धरून बसायचा. डेस्मंड कर्टिनचे सूट असे कडक इस्त्रीचे, की हा कापड विकतो की स्वतःला, असा प्रश्न पडे. तो फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडावर हात धरायचा. वॉल्ट ओब्लाक क्लीव्हलंडचा, आडदांड, तोंडानं फटकळ. रेल्वेतल्या कामगारांचे, शेतकऱ्यांचे कपडे शिवणारे त्याच्याकडे होते. पँट वाईट शिवली असेल तर तो शिवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा. गिऱ्हाईक चिडायचं, फोन आपटायचं, आणि दोन दिवसांनी तीच शिवण उसवून परत घालायचं. मला मात्र पहिलं वर्षभर त्यानं नमस्कारसुद्धा केला नाही. त्याच्या मते बाईनं विक्रीत येणं म्हणजे जगबुडी.

मग त्र्याहत्तर साल आलं आणि साऱ्या जगाला एकदम निळी पँट हवी झाली. कापूस महागला, कापड मिळेना. इतकी वर्षं आम्ही लोकांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आता लोक आमच्या झिजवू लागले. एका गिऱ्हाइकानं ओल्शनसाहेबांना खूश करायला घरी डुकराची अख्खी भाजलेली मांडी पाठवली. ओल्शन हे ज्यू आडनाव, त्यांच्यात डुक्कर वर्ज्य; पाठवताना ते एकदा वाचलं असतं तर बरं झालं असतं. साहेबांनी आभाराचा फोन केला आणि मांडी डेस्मंडच्या घरी पोचवली. कापड मात्र त्या माणसाला होतं तेवढंच मिळालं.

माल थोडा आणि तोंडं फार, म्हणून दर गुरुवारी सकाळी मोठ्या टेबलाभोवती वाटणी व्हायची. पहिल्या गुरुवारी जो तो आपल्या गिऱ्हाइकासाठी गळा काढायला लागला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले की पुढच्या गुरुवारपासून कुणी आपल्या गिऱ्हाइकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाजू मांडायची ती शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकाची.

"स्वतःसाठी मागायला अक्कल लागत नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याचं दुखणं सांगून दाखवा."

पुढच्या गुरुवारी डेस्मंडवर वॉल्टच्या एका गिऱ्हाइकाची पाळी आली. डेस्मंड उभा राहिला, टाय सारखा केला आणि म्हणाला की या मंडळींना कापडाची नितांत गरज आहे. कशासाठी, असं साहेबांनी विचारलं. डेस्मंडला सांगता येईना. साहेबांनी त्या गिऱ्हाइकाला एक वार कापडसुद्धा दिलं नाही. वॉल्ट लालबुंद झाला होता, पण नियमाप्रमाणे त्याला तोंड उघडता येत नव्हतं. दुपारी ते दोघं कोपऱ्यात सँडविच खात बसलेले मी पाहिले. वॉल्ट बोलत होता आणि डेस्मंड चक्क लिहून घेत होता.

माझं एक गिऱ्हाईक स्क्रँटनला होतं, लहान मुलांच्या पँटी शिवणारं. ते वॉल्टच्या वाट्याला आलं. मला वाटलं, बुडालंच. हा बाबा स्वतः जाऊन त्या कारखान्यात दिवसभर बसून आला. गुरुवारी उभा राहिला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाला, की तिथल्या बायका शिवण इतकी सरळ घालतात की त्यांच्यापुढे त्याची सगळी गिऱ्हाइकं झक मारतात, आणि त्यांची यंत्रं कापडावाचून पडून राहिली तर या खात्याला लाज वाटली पाहिजे. मी मागायला धजले नसते तेवढं कापड त्यानं मिळवून दिलं. बाहेर आल्यावर मी आभार मानले तर म्हणाला, "तुझ्यासाठी नाही केलं. त्या बायकांसाठी केलं." त्यानंतर मात्र तो मला रोज सकाळी नमस्कार करू लागला.

तीन-चार वर्षं असं चाललं. टंचाई सरली तरी गुरुवार सुटला नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस, हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं होतं आणि त्यानं वाईट वाटून घेतलं नव्हतं. मला आमच्या सगळ्यांची सगळी गिऱ्हाइकं माहीत होती, त्यांच्या मुलांची नावं, कुणाचा भागीदार कुणाशी बोलत नाही, सगळं. वॉल्टची बायको मार्ता दुखण्यानं चाकाच्या खुर्चीला खिळली, तेव्हा आम्ही आळीपाळीनं त्याची कामं उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याचं बघायची सवयच लागली होती.

मग खाली लॉरेल फोर्कला थोरले मालक वारले आणि त्यांचा जावई प्रेस्टन ग्विन गिरणी बघू लागला. हुशार माणूस होता, ते नाकारत नाही. त्यानं एका बड्या कंपनीशी करार केला, गिरणीचं सगळं कापड वर्षानुवर्षं एकट्या तिलाच. गिऱ्हाईक एक म्हटल्यावर विकायला माणसं कशाला हवीत? न्यूयॉर्कला एक खुर्ची ठेवायची, त्या कंपनीचे फोन घ्यायला. बाकी सगळ्यांनी उन्हाळा संपायच्या आत घरी जायचं.

ही बातमी साहेबांनी आम्हाला गुरुवारीच सांगितली, त्याच टेबलावर. डेस्मंड खिडकीतून बाहेर बघत राहिला. साहेब म्हणाले, "एक खुर्ची राहणार आहे, तिचं ठरलंय. ती सोडून द्या. उरलेल्यांचं आपण बघू." आम्ही मनात म्हटलं, चला, निदान साहेब तरी राहिले. त्यांचा हक्कच होता. कुणी वेगळं काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मग त्यांनी नावं वाटली. नियम तोच. आपल्यासाठी कुणी नोकरी मागायची नाही. ज्याचं नाव आपल्या वाट्याला येईल त्याच्यासाठी बाजारात हिंडायचं. माझं नाव वॉल्टकडे गेलं आणि वॉल्टचं माझ्याकडे आलं. वॉल्टनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुला सोपं काम मिळालंय. माझ्यासारखा माणूस कोण सोडेल?" मी मान डोलावली आणि त्याचं कुणाकुणाशी भांडण झालंय ते मनात मोजू लागले.

त्याच आठवड्यात त्यानं माझं काम केलं. कॉर्डरॉय विणणाऱ्या एका गिरणीच्या कचेरीत गेला. तिथं बाईला कधी विक्रीवर घेतलेलं नव्हतं. तिथल्या मुख्य साहेबाला त्यानं म्हणे अर्धा तास फैलावर घेतलं, की तुमचं कापड चांगलं आहे आणि विकणारे ठोंबे आहेत, आणि ही बाई मिळाली तर देवाचे आभार माना. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि डेस्मंडला मिळत होता त्याहून जास्त पगार देऊ केला. शिव्या देऊन कुणाला नोकरी मिळवून दिलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

आणि मी? मी रोज सकाळी टेलिफोनला चिकटत होते. वॉल्टचं नाव घेतलं की पलीकडचा माणूस काहीतरी खुसपट काढायचा. एक म्हणाला, त्यानं माझ्या मेव्हण्याला माझ्यादेखत विचारलं होतं, हा शर्ट आहे की तंबू? दुसरा म्हणाला, वय काय त्यांचं? मी वय चोरून सांगितलं, तेही त्याला जास्त वाटलं. पॅसेइकच्या एका गिरणीत मी स्वतः गेले, वॉल्टची सगळी जुनी गिऱ्हाइकं पाठ म्हणून दाखवली. तिथला माणूस सज्जन होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, माणूस चांगला असेल. पण मला शांततेत जेवायचं असतं."

मी हात टेकले. खरा प्रश्न पगाराचा नव्हताच. गिरणीचा विमा गेला की मार्ताची औषधं, नर्स, सगळं त्याच्या डोक्यावर. वॉल्ट हे कधी बोलला नाही. तो फक्त सकाळी माझ्या टेबलापाशी थांबायचा, पेल्यातली कॉफी हलवत म्हणायचा, "काय, झाली का मारामारी माझ्यासाठी?" आणि मी म्हणायचे, "चाललीये." ज्या माणसानं माझ्यासाठी बाजार डोक्यावर घेतला त्याच्यासाठी मला एक खुर्ची मिळवता येत नव्हती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

शेवटचा गुरुवार आला. एकेकानं उठून सांगितलं. डेस्मंड एका चादरींच्या कंपनीत, नमुन्यांच्या खोलीतल्या दोन्ही मुली कपड्यांच्या दुकानात, टेलिफोनवरची बाई बँकेत. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, वॉल्टचं अजून काही... साहेबांनी मला हातानंच खाली बसायला सांगितलं.

"वॉल्टचं झालंय," ते म्हणाले. "खालून कळवलंय. न्यूयॉर्कच्या खुर्चीवर त्यांना वॉल्ट हवाय."

सगळे वॉल्टकडे बघू लागले. वॉल्टचा चेहरा आधी पांढरा पडला, मग खुलला. त्यानं विचारलं की ग्विननं खरंच त्याचं नाव घेतलं का, आणि साहेब म्हणाले, घेतलं. टाळ्या झाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून वॉल्टच्या गालाचा मुका घेतला. साहेबांचं काय, हा विचार मला तेव्हा शिवला नाही हे खरं आहे. कुणालाच शिवला नाही. प्रत्येकाला वाटलं, त्यांना आणखी मोठी जागा मिळाली असणार, आणि त्यांचं नाव दुसऱ्या कुणाकडे तरी असणार.

दुपारी मंडळी खाली जेवायला गेली. टेलिफोनवरची बाई बँकेत रुजू झाली होती, म्हणून फोन वाजला तो मी घेतला. ग्विन होता. साहेब जागेवर नाहीत म्हटल्यावर म्हणाला, निरोप द्या.

"मेयरला सांगा, मी सही केलीये. पण मला अजून वाटतं त्याचं डोकं फिरलंय. चांगली दिलेली खुर्ची त्या भांडखोर म्हाताऱ्याला देऊन स्वतः घरी बसतो म्हणजे काय. मी याला तीनदा नाही म्हटलं होतं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. साहेब आपल्या खोलीत भिंतीवरची चित्रं उतरवत होते. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. निरोप दिला. ते म्हणाले, "हा माणूस फोनवर फार बोलतो."

"तुमचं नाव कुणाकडे दिलं होतंत?" मी विचारलं.

"कुणाकडेच नाही."

"का? माझ्याकडे द्यायचं."

"तुझ्याकडे आधीच एक म्हातारा होता. तोच खपवता आला नाही तुला. दुसरा कुठून खपवणार होतीस?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी रागावले. म्हटलं, हे तुम्ही आम्हाला फसवलंत, आम्हाला माहीत असतं तर आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी बाजार पालथा घातला असता. ते म्हणाले, म्हणूनच सांगितलं नाही, आधी तुमची कामं व्हायला हवी होती. पॅटरसनला बायकोच्या भावाचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, तिथं जाणार. मी म्हटलं, तुम्ही आता वारावर कापड मोजून विकणार? ते म्हणाले, "इतकी वर्षं दुसरं काय करत होतो?" मग त्यांनी माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरलं.

"फिलोमिना, तुझं तोंड मला माहीत आहे. वॉल्टला हे कळलं तर तो खुर्चीला लाथ मारून निघून जाईल. मग मार्ताचं काय? कुणाला सांगायचं नाही. डेस्मंडला नाही, नवऱ्याला नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. आयुष्यात मी पुष्कळ शब्द दिले आणि त्यातले काही मोडले, पण हा वॉल्ट असेपर्यंत पाळला.

वॉल्टनं ती खुर्ची पाच वर्षं सांभाळली आणि तिथूनच निवृत्त झाला. मार्ता त्याच्या निवृत्तीच्या एक वर्ष आधी गेली, आपल्या घरात, आपल्या नर्सच्या हातात. साहेब पॅटरसनला दुकानात उभे असायचे. मी शनिवारी कधी कधी जायचे. पडदे घ्यायला आलेल्या बायकांना ते खिडकी कुठल्या दिशेला आहे असं विचारायचे, आणि ऊन येत असेल तर महागडं कापड घेऊ द्यायचे नाहीत, विटेल म्हणायचे. मेव्हण्याचा जीव वरखाली व्हायचा. धंदा असा करतात का, असं तो मला विचारायचा. मी म्हणायचे, आम्ही असाच केला.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात साहेब गेले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ज्यूंच्या सुतकाच्या रिवाजाप्रमाणे आरशांवर चादरी घातल्या होत्या आणि घरची माणसं बुटक्या स्टुलांवर बसली होती. वॉल्ट आला होता, काठी टेकत. माझ्याशेजारी बसला. मिसेस ओल्शन उकडलेली अंडी आणि पाव घेऊन सगळ्यांना आग्रह करत हिंडत होत्या, आपल्याच दुःखाच्या घरी. त्यांना सगळं माहीत होतं, हे त्यांनी मला पूर्वीच एकदा सांगितलं होतं.

वॉल्ट खालच्या आवाजात बोलायला लागला. त्याचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा मोठा. म्हणाला, भला माणूस होता मेयर, त्याच्याइतका भला पाहिला नाही. पण शेवटी खुर्ची राखता आली नाही त्याला. भलेपणानं खुर्ची राहत नाही. मग माझ्याकडे वळला.

"फिल, मला एक अजून कळलेलं नाही. एवढे सगळे होते. मेयर स्वतः होता. ग्विननं मला कसं काय निवडलं? मेयर तुला काही बोलला होता का कधी?"

मिसेस ओल्शन ताट घेऊन आमच्यापाशी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी वॉल्टकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. मी रागीट बाई आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल त्याच्याच घरात असं ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही. पण वॉल्टच्या कोटाची कॉलर आतून झिजून धागे निघाले होते. ती उलटून शिवून देणारं घरी आता कुणी नव्हतं.

"बोलले होते," मी म्हटलं. "ग्विन म्हणाला, सगळ्या खात्यात तोंडावर खरं बोलणारा एकच माणूस आहे. तो हवाय."

वॉल्टनं बराच वेळ मान हलवली. डोळे पुसले. म्हणाला, मला वाटलंच होतं.

"घ्या ना, वॉल्ट," मिसेस ओल्शन म्हणाल्या आणि त्याच्या ताटलीत आणखी एक अंडं ठेवलं. "तुम्ही लांबून आलायत."